अंगणातली चार इंजिनं

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पावसाळा सरला की गाव पाण्याचा हिशेब मांडतं. पर्जन्यमापकात किती मिलिमीटर पडला, विहिरींची पातळी किती चढली, त्यातलं माणसांना आणि जनावरांना किती राखायचं, आणि मग उरलेल्या पाण्यावर रब्बीत काय घ्यायचं, असा क्रम असतो. ऊस आणि केळी बाद, शेतीसाठी बोअर घेणं बाद. 1990च्या आसपास पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा हे पर्जन्यछायेतलं, दुष्काळाने खंगलेलं गाव होतं. आज तिथे कांदा निघतो, भाजीपाला निघतो, दूध डेअरीला जातं. पाण्याच्या ताळेबंदावर पुष्कळ लिहून झालंय. मला त्यातली एकच गोष्ट उचलायची आहे. त्या ग्रामसभेत ‘सगळ्यात भारी पीक कोणतं?’ हा प्रश्न पहिला येत नाही. पहिला प्रश्न असतो, आपल्या विहिरीत आहे किती?

इंजिन ऑइलच्या दुकानात आपण नेमकं उलटं करतो. काउंटरवर हात टेकून विचारतो, ‘सगळ्यात भारी ऑइल कोणतं?’ दुकानदारही व्यवहारी माणूस, तो सर्वांत महाग डबा पुढे सरकवतो.

समजा, हिवरे बाजारातलं एक घर आहे. अंगणात बारा-पंधरा वर्षांचा ट्रॅक्टर. वडिलांची शंभर सीसीची मोटरसायकल. दुधाच्या फेरीची बीएस-सिक्स डिझेल पिकअप. आणि शनिवारी रात्री पुण्याहून येणाऱ्या मुलाची टर्बो पेट्रोल गाडी. चाकणला तयार झालेली जुनी पोलो जीटी टीएसआय म्हणा, किंवा त्याच जातीची कुठलीही. मुलगा स्वतःच्या गाडीसाठी फुल्ली सिंथेटिकचा डबा घेऊन येतो, आणि वडील म्हणतात, ‘आणलाच आहेस तर उरलेलं मोटरसायकलीत टाक.’ या एका वाक्यात दोन चुका होऊ शकतात. पण आधी सिंथेटिक म्हणजे काय ते नीट पाहू, कारण डब्यावरचा तो शब्द जितका खणखणीत वाटतो तितका नाही.

साधं म्हणजे मिनरल ऑइल कच्च्या तेलापासून शुद्ध करून काढतात. त्यात लहान-मोठ्या, नाना आकारांच्या रेणूंची खिचडी असते. काही लवकर उडून जातात, काही उष्णतेने करपतात, काही थंडीत गोठू पाहतात. सिंथेटिकमध्ये रेणू बऱ्याच अंशी एकसारखे घडवलेले असतात. त्यामुळे ते थंडीत कमी घट्ट होतं, उन्हाळ्यात कमी पातळ होतं, आणि करपायला जास्त वेळ घेतं. इथपर्यंत सगळे सहमत आहेत. वाद पुढे आहे. बेस ऑइलचे पाच गट मानतात. पहिले दोन म्हणजे साधं मिनरल. चौथा म्हणजे पीएओ, रसायनशाळेत बांधलेलं तेल. पाचव्यात एस्टर आणि इतर बरंच काही. मधला तिसरा गट कच्च्या तेलावर हायड्रोजनची जबर प्रक्रिया करून मिळवतात. हा तिसरा गट ‘सिंथेटिक’ म्हणायचा की नाही, यावरून मोबिल आणि कॅस्ट्रॉल अमेरिकेत भांडले. 1999 साली तिथल्या जाहिरात-तंटे सोडवणाऱ्या संस्थेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला, आणि तेव्हापासून तिसऱ्या गटाच्या तेलावरही सिंथेटिक छापता येऊ लागलं. हे तेल वाईट नाही, चांगलंच आहे. पण ‘सिंथेटिक’ हा शब्द बराचसा विक्रीचा आहे, तो वाचून खरेदी करू नये. ‘सेमी सिंथेटिक’ तर त्याहून मोघम. त्यात चांगलं किती मिसळलंय, हे डब्यावर बहुधा लिहिलेलं नसतं.

डब्यावर वाचायच्या खऱ्या गोष्टी दोनच, आणि त्या बहुतेकदा मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतात.

एक, ग्रेड. 5W-40 मधला W म्हणजे विंटर. आधीचा आकडा थंड इंजिनात तेल किती सहज हलतं ते सांगतो. 5W ची चाचणी उणे 30 अंशाला होते, 15W ची उणे 20 ला. मागचा आकडा इंजिन तापल्यावर, म्हणजे 100 अंशाला, तेलाचा दाटपणा किती उरतो ते सांगतो. यावर आपल्याकडचे मिस्त्री हमखास म्हणतात, ‘नगरला काय बर्फ पडतो का? 5W कशाला? 20W-50 टाका, जाडजूड.’ पहिला अर्धा भाग बरोबर आहे. नगर जिल्ह्यात थंडीत पारा दहाच्या खाली जातो, उणे कधीच जात नाही. पण इंजिनाच्या दृष्टीने पहाटेचे दहा अंशसुद्धा थंडच, कारण त्याचं काम शंभर अंशाच्या आसपास चालतं. किल्ली फिरवल्यावर पहिले काही सेकंद वरचा कॅमशाफ्ट आणि टर्बोची बेअरिंगं जुन्या थेंबांवर चालत असतात. पातळ तेल तिथे लवकर पोचतं. आणि ‘जाडजूड’चं म्हणाल, तर आधुनिक इंजिनातल्या फटी, ऑइल पंप, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा, सगळं ठरावीक दाटपणा धरूनच आखलेलं असतं. तुरीच्या डाळीला जी रवी चालते ती ताकाला चालेलच असं नाही.

दोन, दर्जा. एपीआय या अमेरिकी संस्थेचा गोल शिक्का आणि त्यातली अक्षरं. पेट्रोलसाठी S ने सुरू होणारी, डिझेलसाठी C ने. पेट्रोलमध्ये 2010 ला SN आला, 2020 ला SP. SP ची गरज का पडली, हे टर्बोवाल्यांनी मुद्दाम समजून घ्यावं. छोट्या, थेट इंधन फवारणीच्या टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर जोर लावला, म्हणजे चौथ्या गिअरमध्ये घाटात गाडी रेटत चढवली, की कधी कधी ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. अशा एका फटक्यात पिस्टन तडकू शकतो. याला कारणीभूत गोष्टींमध्ये तेलातलं रसायनही निघालं, विशेषतः कॅल्शियमवर आधारित डिटर्जंट. म्हणून SP मध्ये त्याची वेगळी चाचणी आली. आता गंमत पाहा. जुन्या दर्जाचं महागडं सिंथेटिक या बाबतीत कमी पडू शकतं, आणि SP दर्जा असलेलं त्याहून स्वस्त तेल सरस ठरू शकतं. टर्बो पेट्रोल गाडीसाठी डबा घेताना मी तरी पुढचं सोनेरी अक्षर आधी वाचत नाही. डबा उलटा करतो.

याखेरीज काही कंपन्यांचे स्वतःचे दर्जे असतात. फोक्सवॅगनचा 502 00, पोर्शचा A40, असे. मॅन्युअलमध्ये तो लिहिला असेल तर डब्यावर तोच आकडा हवा. दुकानदाराचं ‘त्याच्या जवळपासचंच आहे’ ऐकू नका.

आता स्पोर्ट्‌स कारकडे. ‘स्पोर्ट्‌स कार म्हणजे सिंथेटिकच’ असं सरसकट सांगितलं जातं. बहुतेक वेळा ते खरंही आहे, पण कारण भलतंच सांगतात. कारण वेग नव्हे, उष्णता. आपल्या मातीतल्या दोन गाड्या शेजारी ठेवून बघू. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी बनत होती. दिसायला छान, रस्त्यावर माना वळवणारी. पण आत रेनोचं 1.2 लिटरचं, टर्बो नसलेलं, साठेक हॉर्सपॉवरचं साधं इंजिन. दुसरी दिलीप छाब्रियांची ‘अवंती’, 2012 च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दाखवलेली. तिच्यातही रेनोचंच इंजिन, पण दोन लिटरचं टर्बो, आणि तेही माणसांच्या पाठीमागे बसवलेलं, जिथे वारा बेताचाच पोचतो. दोघी स्पोर्ट्‌स कार. पहिलीच्या इंजिनाला चांगलं मिनरल वेळेवर बदललं तरी आयुष्य निभतं. दुसरीला मिनरल घालणं म्हणजे चुलीवर दूध ठेवून शेजारी गप्पा मारायला जाणं.

टर्बोत काय घडतं ते पाहिलं की हे पटतं. एग्झॉस्टच्या वायूवर फिरणारं छोटंसं चाक मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतं. पेट्रोल टर्बोत त्या वायूचं तापमान नऊशे अंशांच्या घरात जातं. त्या चाकाचा दांडा तेलाच्या पातळ पदरावर तरंगत असतो. दांड्याला वंगणही तेच, थंड करणारंही मुख्यतः तेच. शिरूरच्या ढाब्यावर हायवेचा वेग सोडून गाडी लावली आणि लगेच किल्ली काढली, की पंप थांबतो, तेल जागच्या जागी उभं राहतं आणि तापलेल्या घरात करपून त्याचा कोळसा होतो. तो कोळसा साठत गेला की नळी तुंबते आणि टर्बो जातो. चांगलं सिंथेटिक करपायला जास्त उष्णता आणि जास्त वेळ मागतं. बऱ्याच नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही टर्बोला पाणी फिरवत ठेवणारा पंप असतो, तरी शेवटचा किलोमीटर-दोन किलोमीटर सबुरीने घ्यावा हे उत्तम. हिवरे बाजारला येणाऱ्याला ते आपोआप साधतं. हायवे सोडून गावाच्या रस्त्याला लागलं की गाडी तशीही धावत नाही.

मग स्पोर्ट्‌स कारना सगळ्यांना एकच ग्रेड? मुळीच नाही. टोयोटाची जीआर 86 पातळ 0W-20 वर चालते. बीएमडब्ल्यूच्या जुन्या काही एम गाड्यांना 10W-60 असं दाट तेल लागायचं. निसान जीटी-आर ला 0W-40. अमेरिकन कॉर्व्हेट 1992 पासून कारखान्यातूनच सिंथेटिक भरून बाहेर पडते. या सगळ्या वेगासाठीच बनलेल्या आणि सगळ्या सिंथेटिकवाल्या, पण एकीचं दुसरीला चालणार नाही. मित्राच्या गाडीला काय मानवलं हे ऐकून तेल घेणं हे मित्राच्या चष्म्याने पेपर वाचण्यासारखं आहे.

जुन्या, हौसेने जपलेल्या गाड्यांचा मामला उलटा. साठ-सत्तरच्या दशकातल्या इंजिनांत कॅमशाफ्ट सपाट टॅपेटवर घासत चालतो, आणि त्याला तेलात झिंक-फॉस्फरसचं मिश्रण भरपूर लागतं. आजच्या पेट्रोल तेलांत, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून, ते कमी केलेलं असतं. अशा गाडीला मुद्दाम जुन्या गाड्यांसाठी बनवलेलं 20W-50 मिनरलच योग्य. तिथे महागडं 0W-20 घालणं म्हणजे आजोबांना नातवाचे बूट.

एक गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. शर्यतीच्या गाड्यांचं पहिलं नावाजलेलं तेल एरंडेल होतं. कॅस्ट्रॉल हे नावच ‘कॅस्टर’ म्हणजे एरंडावरून आलं. उष्णतेत त्याचा पदर टिकायचा, म्हणून पहिल्या महायुद्धातल्या विमानांतही तेच जळायचं. आपल्याकडे बैलगाडीच्या आखाला जे घालायचं, तेच तिकडे आकाशात.

खर्चाचा हिशेब करू, कारण नगरी माणूस तो केल्याशिवाय उठत नाही. समजा सिंथेटिक आणि मिनरलमध्ये लिटरमागे 500 रुपयांचा फरक आहे आणि मुलाच्या गाडीला 4 लिटर लागतं. म्हणजे 2000 रुपये. ते 10,000 किलोमीटरवर वाटले तर किलोमीटरला 20 पैसे. पेट्रोल 104 रुपये धरलं आणि गाडी लिटरला 14 जात असेल तर पेट्रोलचे किलोमीटरला जवळपास साडेसात रुपये जातात. त्यात हे 20 पैसे. टर्बो बदलायचा म्हटलं तर आकडा अनेक हजारांत जातो. या गाडीसाठी वाद घालण्यासारखं काही उरत नाही. ज्यांनी गाडी ‘रिमॅप’ करून ताकद वाढवली आहे, किंवा जे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर शर्यतीला उतरतात, त्यांनी तर बदलीचं अंतरही निम्म्यावर आणावं. सिंथेटिक आहे म्हणून वीस हजार ओढायचं हा हिशेब युरोपातल्या मोकळ्या रस्त्यांवरचा. वाघोलीच्या कोंडीत तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तापणाऱ्या इंजिनाचे किलोमीटर मीटरवर दिसतात त्याहून बरेच जास्त असतात. मॅन्युअलमध्ये ‘कठीण वापर’ असा वेगळा तक्ता असतो. आपण सगळे त्याच तक्त्यात येतो.

आता अंगणातली बाकीची तीन.

ट्रॅक्टर. जुन्या, साध्या डिझेल ट्रॅक्टरला सिंथेटिकवर पैसे घालण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. त्याचा शत्रू उष्णता नाही, धूळ आहे. नांगरटीला किंवा रोटाव्हेटरला लागलेला ट्रॅक्टर दिवसभर स्वतःच उडवलेल्या धुरळ्यात श्वास घेतो. फिल्टरमधून सुटलेली बारीक माती तेलात गेली की ते तेल पॉलिश पेपरचं काम करतं, लायनर आणि रिंगा खातं. ते तेल कितीही सिंथेटिक असलं तरी. इथे मॅन्युअलमधल्या ग्रेडचं चांगलं मिनरल, तासाच्या मीटरवर बघून वेळेत बदललेलं, आणि एअर क्लीनरची निगा, एवढ्याने इंजिन टिकतं. ऑइल बाथचा एअर क्लीनर असेल तर त्याच्या वाटीतलं तेल कामाच्या दिवसांत रोज बघा. चिखल दिसला की बदला. इंजिनाचं तेल मन लावून बदलणारे लोक ही वाटी विसरतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. गिअर आणि हायड्रॉलिकचं तेल वेगळं असतं, ते यात धरलेलं नाही.

पिकअप. बीएस-सिक्सचे नियम 1 एप्रिल 2020 पासून लागू झाले आणि त्याबरोबर बहुतेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, आला. तेल जळून उरणारी राख त्यात कायमची साठते, म्हणून याला कमी राखेचं तेल लागतं. इथे प्रश्न सिंथेटिक की मिनरल हा नाहीच. ट्रॅक्टरचं उरलेलं तेल पिकअपमध्ये टाकू नका, एवढंच. दुधाच्या फेरीचा आणखी एक त्रास आहे. चार किलोमीटर चालायचं, थांबायचं, पुन्हा दोन किलोमीटर. डीपीएफ स्वतःला जाळून साफ करण्याइतका तापतच नाही. मग जास्तीचं डिझेल फवारलं जातं आणि त्यातलं काही खाली चेंबरमध्ये उतरतं. तेल मोजायची दांडी काढून पाहिल्यावर तेल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका. ते डिझेल आहे. तेल लगेच बदला आणि आठवड्यातून एकदा गाडी हायवेवर अर्धा तास सलग चालवा. मुलाच्या टर्बो पेट्रोल गाडीतही इंधन असं तेलात उतरू शकतं. दांडीला पेट्रोलचा वास आला की तेल पातळ झालंय असं समजा.

आणि मोटरसायकल, जिच्यात वडील उरलेलं तेल ओतायला निघाले होते. मोटरसायकलीत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात बुडलेले असतात. गाड्यांच्या पातळ तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात, आणि क्लचप्लेटा तर घर्षणावरच धरतात. ते तेल पडलं की क्लच घसरू लागतो. आवाज वाढतो, गाडी पळत नाही. म्हणून डब्यावर जासो MA किंवा MA2 हा दर्जा असायलाच हवा. ही झाली पहिली चूक. दुसरी, शंभर सीसीच्या सावकाश चालणाऱ्या गाडीला कंपनीने सांगितलेलं 10W-30 मिनरल पुरेसं असतं. तिथे सिंथेटिक नुकसान करत नाही, पैसे तेवढे वाया जातात. दोन-अडीचशे सीसीची, हायवेला ताणून पळवायची बाईक असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सिंथेटिक परवडतं. वडिलांच्या पिढीची समजूत मात्र वेगळ्या शाळेत घडली आहे. नगरमध्येच बनणारी कायनेटिकची लुना आली 1972 मध्ये. तिला पेट्रोलातच टू-टी ऑइल मिसळून द्यायचं. तेल जळून जायचं, बदलायचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे ‘तेल ते तेल’ हे त्यांचं म्हणणं त्यांच्या काळापुरतं खोटं नव्हतं.

थोडे किरकोळ गैरसमजही उरकून घेऊ. तेल काळं झालं म्हणजे खराब झालं असं नाही. डिझेलमध्ये ते काहीशे किलोमीटरांत काळं होतं, आणि ते काजळी धरून ठेवतंय याची ती खूण आहे. मिनरलवरून सिंथेटिकवर गेलं की परत येता येत नाही, हेही खरं नाही. मध्येच रस्त्यात तेल कमी पडलं आणि हातात मिनरलचाच डबा असेल, ग्रेड तीच असेल, तर खुशाल भरा. दर्जा पाळणारी तेलं एकमेकांत मिसळतील अशीच बनवलेली असतात, आणि कोरड्या इंजिनापेक्षा मिश्रण कधीही बरं. घरी पोचल्यावर लवकर बदलून टाका. जुन्या, कधीच सिंथेटिक न पाहिलेल्या इंजिनात मात्र ते घातल्यावर कधी गळती सुरू होते. बहुधा सील आधीच गेलेलं असतं आणि जुनी मळी त्याला बूच बनून बसलेली असते. दोन लाख किलोमीटरच्या इंजिनावर हा प्रयोग करू नये असं माझं मत.

डबा बिलावरच घ्या. नकली तेलाचा धंदा रिकाम्या अस्सल डब्यांवर चालतो, म्हणून सील, छापलेला बॅच नंबर आणि क्यूआर कोड पाहा, आणि तेल ओतून झालं की डब्याला खिळ्याने भोक पाडा.

पण भोक पाडायच्या आधी त्या डब्याला आणखी एक काम आहे. काढलेलं जळकं ऑइल त्यातच भरा. गावाकडे हे तेल गोठ्याच्या मेढींना, दाराच्या चौकटींना वाळवी लागू नये म्हणून चोपडतात, कुणी रस्त्यावर धूळ बसायला शिंपडतं, कुणी बांधाच्या कडेला ओततं. त्यात झिजलेले धातू, काजळी आणि जळक्या इंधनाचे विषारी अंश असतात. पावसाबरोबर ते ओघळीला लागतं. आणि हिवरे बाजारची ओघळ कुठे जाते हे त्या गावाइतकं कुणाला माहीत नसेल. समतल चरांतून, पाझर तलावातून, सगळं विहिरींकडेच. वापरलेलं तेल कायद्याने घातक कचरा आहे. 1 एप्रिल 2024 पासून ते गोळा होऊन पुन्हा शुद्ध व्हावं याची जबाबदारी तेल बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकलेली आहे. नगरला बी-बियाण्याला किंवा कांदा घेऊन जायची फेरी असेल तेव्हा तो डबा ज्या गॅरेजात किंवा सर्व्हिस सेंटरात जुनं तेल गोळा करतात तिथे द्या. तोवर घरात ठेवायचा तर त्यावर मोठ्या अक्षरात ‘जळकं ऑइल’ लिहून ठेवा, आणि गोड्या तेलाच्या रिकाम्या डब्यात तर ते चुकूनही भरू नका.